लोहाच्या आयनाचा प्रश्न

लोहाच्या द्विधन आयनाचे इलेक्ट्रॉन संरूपण लिहा, असा प्रश्न अकरावीच्या वर्गात आला की एक विशिष्ट चूक हटकून आढळते, आणि तिचा सारा दोष विद्यार्थ्याच्या माथी मारणे मला अन्यायाचे वाटते. तो बिचारा २६ मधून २ वजा करतो, पाठ केलेल्या क्रमाने उरलेले २४ इलेक्ट्रॉन एकेका उपकवचात बसवीत जातो आणि शेवटी ४एसमध्ये २ व ३डीमध्ये ४ असे लिहून मोकळा होतो. वजाबाकी बिनचूक, क्रमही बिनचूक, आणि उत्तर मात्र चुकीचे. कारण त्या आयनात ४एस रिकामे असून ३डीमध्ये ६ इलेक्ट्रॉन असतात.

वस्तुतः कोणताही अणू एकेक इलेक्ट्रॉन आत सोडून घडविलेला नसतो. आपण जो क्रम घोकतो तो एका मूलद्रव्याकडून पुढच्या मूलद्रव्याकडे जाताना करून ठेवलेली नोंद आहे, आणि तीत दर पावलाला इलेक्ट्रॉनाबरोबर केंद्रकातला एक प्रोटॉनही वाढत असतो, ही गोष्ट सांगावयाची राहून जाते. लोहाच्या उदासीन अणूत ३डीतील इलेक्ट्रॉन केंद्रकानजीक दाटीने वावरतात. त्यांचे परस्परांतील प्रतिकर्षण एवढे असते की दोघांनी विस्तीर्ण अशा ४एसमध्ये राहणे एकंदर ऊर्जेच्या हिशेबात परवडते. परंतु इलेक्ट्रॉन निघू लागले, की उरलेल्यांवर केंद्रकाची पकड घट्ट होते, ३डीची पातळी ४एसच्या बरीच खाली उतरते, आणि बाहेरच्या अंगाचे ४एसमधील इलेक्ट्रॉनच प्रथम गमावले जातात. क्रोमियमच्या अणूतही २४च इलेक्ट्रॉन. पण तेथे ३डीमध्ये ५ व ४एसमध्ये १. संख्या तीच, केंद्रक निराळे, म्हणून मांडणीही निराळी.

हे सारे कागदावरचे आहे असे ज्यास वाटेल त्याने हिराकस, म्हणजे द्विधन लोहाचे सल्फेट, पाहावा. त्याच्या फिकट हिरव्या द्रावणात कॉस्टिक सोड्याचे द्रावण थेंबाथेंबाने सोडले असता मळकट हिरवा साका तयार होतो, आणि परीक्षानळी तशीच उघडी ठेवली तर हवेला लागलेल्या वरच्या कडेपासून तो तपकिरी होत खाली उतरतो. ३डीतील सहांपैकी एक इलेक्ट्रॉन प्राणवायूने नेला, पाच उरले, द्विधन लोह त्रिधन झाले. हिरडा आणि हिराकस यांची शाई कागदावर काळीभोर होते ती याच स्थित्यंतरामुळे. आणि आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते ते त्यातील लोह द्विधन असेल तरच, ते त्रिधन झाले की वहनाचे काम बंद पडते. एका इलेक्ट्रॉनाच्या असण्या-नसण्यावर केवढा कारभार अवलंबून आहे!

शिवाय ही मांडणी समजून घेण्यात काय सामर्थ्य आहे, याचा दाखला इतिहासाने दिलेला आहे. ७२ अणुअंकाचे मूलद्रव्य दुर्मिळ मृदांपैकी असल्याचा दावा पॅरिसमध्ये झाला होता. नील्स बोर यांनी इलेक्ट्रॉनांच्या मांडणीवरून प्रतिपादिले, की ती मालिका ७१ पाशी संपते आणि ७२ वे मूलद्रव्य झिर्कोनियमच्या कुळातले असले पाहिजे. कोस्टर आणि हेवेशी या संशोधकांनी कोपनहेगन येथे झिर्कोनियमच्या खनिजांतच त्याचा शोध घेतला, क्ष-किरणांच्या वर्णपटात ते सापडले, आणि डिसेंबर १९२२ मध्ये बोर यांनी आपल्या नोबेल व्याख्यानात ती वार्ता जाहीर केली. तेच हाफनियम. एका कवचात २, ८, १८, ३२ एवढेच इलेक्ट्रॉन का मावतात, याचे मूळ दाखविणारा पाउली यांचा नियम तर त्यानंतर, १९२५ मध्ये आला. ज्या ज्ञानाने न पाहिलेल्या मूलद्रव्याचा पत्ता दिला, ते आपल्या वर्गांतून केवळ पाठांतराचा मामला होऊन बसावे, याची मला मनापासून खंत वाटते.

प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांकडे माझी मागणी मोठी नाही. संरूपण लिहा, एवढ्यावर न थांबता, क्रोमियमचा अणू आणि लोहाचा द्विधन आयन यांत इलेक्ट्रॉन सारखेच असताना मांडणी भिन्न का, असे विचारावे आणि अधिक गुण कारणाला द्यावेत. आणि शिक्षकांनी तो प्रश्न फळ्यावर लिहिण्यापूर्वी हिराकसाची ती परीक्षानळी प्रत्येक मुलाच्या हाती द्यावी.