गरुड दोन, इंजेक्शन एक

देऊळगाव राजाजवळच्या खडकपूर्णा जलाशयावर हिवाळ्यात पाहुणे पक्षी उतरले की कॅमेरे पाण्याकडे वळतात. गावाबाहेर टाकलेल्या मेलेल्या ढोराजवळ एखादा मोठा तपकिरी गरुड बसला असेल, तर त्याच्याकडे फारसे कुणी पाहत नाही. पाहिलेच तर ‘घार असेल’ म्हणून पुढे जातात.

कोरड्या माळावरचा असा गरुड बहुधा दोनपैकी एक असतो. टॉनी गरुड इथलाच, बाभळीच्या शेंड्यावर काटक्यांचे घरटे करणारा. स्टेपी गरुड कझाकस्तान, मंगोलियाकडच्या गवताळ प्रदेशातून थंडीपुरता येणारा. पूर्वी पक्षीशास्त्रज्ञ दोघांना एकच जात मानत, इतके साम्य. स्टेपीच्या तोंडाची पिवळी कड डोळ्याच्या मागच्या टोकापर्यंत जाते, टॉनीची डोळ्याच्या मध्याशी थांबते.

जागतिक लाल यादीत स्टेपी २०१५ पासून ‘संकटग्रस्त’ आहे. टॉनी २०१८ पासून ‘असुरक्षित’, म्हणजे धोका एक पायरी कमी. म्हणून पाहुण्याची चिंता आधी करावी, असे वाटेल. ते बरोबर नाही. यादी जगाचा हिशेब मांडते, तालुक्याचा नाही. स्टेपीच्या मायदेशातली नांगरली गेलेली कुरणे आपल्या हातात नाहीत. इथल्या टॉनीची अंडी, पिल्ले, उपासमार सगळे बारा महिने याच माळावर.

एक धोका मात्र दोघांना एकाच ताटातून मिळतो. ज्या डायक्लोफेनॅकने गिधाडे संपवली, तेच बिकानेरजवळ मेलेल्या दोन स्टेपी गरुडांच्या शरीरात सापडल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. गिधाडांसारखेच त्यांच्याही अवयवांवर युरिक आम्ल साचले होते. टॉनी त्यांचा जवळचा भाऊबंद, तशाच ढोरांवर बसणारा. त्याच्या शवविच्छेदनाची वाट पाहत बसण्यात काय शहाणपण?

जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर २००६ पासून बंदी आहे. माणसांच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोचू लागल्या, म्हणून २०१५ मध्ये इंजेक्शनची कुपी ३ मिलिलिटरपुरती केली गेली. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि एसिक्लोफेनॅकवरही बंदी आली. एसिक्लोफेनॅकचे गुरांच्या शरीरात डायक्लोफेनॅकच होते. मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित ठरले आहे आणि सहज मिळते. बैल लंगडू लागला, गाय तापली, तर कोणते औषध टोचले जात आहे हे पशुपालकाने विचारावे. कुपीवरचे नाव वाचायला अर्धे मिनिटही लागत नाही.