दुधाचे चॉकलेट आणि व्यापाऱ्याचा शब्द

यंदाच्या स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे, अशी मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा धान्याचा ठोक व्यापारी गहू, तूर आणि हरभरा यांवाचून दुसरे काय लिहिणार, असे वाचकांस वाटणे साहजिक आहे. परंतु आज आम्ही लिहिणार आहोत ते चॉकलेटविषयी. विषय पोरकट वाटला, तरी त्यात आपल्या धंद्याच्या जिव्हाळ्याची एक गोष्ट दडलेली आहे.

आमच्या लहानपणी लोधीखेड्याहून नागपूरला जायचे म्हणजे छोट्या लाइनीची गाडी. वडील मंडळी इतवारीत भाव पाहावयास जात आणि येताना क्वचित जांभळ्या वेष्टनातील कॅडबरी आणीत. वैशाखात ती घरी पोहोचेतो वितळून जाई. मग आम्ही भावंडे चांदीचा कागदच चाटीत असू. आमच्याकडे आजही कोणत्याही कंपनीच्या चॉकलेटला मुले ‘कॅडबरी’च म्हणतात. हे एका इंग्रज व्यापारी घराण्याचे आडनाव आहे, हे आम्हांस पुष्कळ उशिरा समजले.

जॉन कॅडबरी यांनी इ.स. १८२४ मध्ये बर्मिंगहॅम शहरात चहा, कॉफी आणि कोको यांचे दुकान काढले. हे घराणे क्वेकर पंथाचे. त्या पंथास युद्ध आणि मद्य दोन्ही अमान्य. ऑक्सफर्ड व केंब्रिज येथील शिक्षणाची दारेही त्या काळी या लोकांस बंद होती. म्हणून पुष्कळजण व्यापारात उतरले. ब्रिस्टलचे फ्राय आणि यॉर्कचे राउनट्री ही चॉकलेटची दुसरी दोन मोठी घराणीही त्याच पंथाची. शस्त्र आणि मद्य यांचा व्यापार आपल्या समाजातही पूर्वापार वर्ज्य मानलेला असल्यामुळे या लोकांविषयी आम्हांस थोडी आपुलकी वाटते.

त्या वेळी इंग्लंडातील कोकोत बटाट्याचे पीठ, साबुदाणा अशी भेसळ सर्रास होत असे. जॉन यांचे पुत्र रिचर्ड आणि जॉर्ज यांनी १८६१ मध्ये धंदा हाती घेतला, तेव्हा तो डबघाईस आला होता. १८६६ मध्ये त्यांनी पीठ न घातलेला शुद्ध कोको बाजारात आणला आणि शुद्धतेचाच डंका पिटला. पेढी सावरली ती या एका गोष्टीवर. भेसळीने नफा होतो असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

दुधाचे चॉकलेट मात्र मूळचे त्यांचे नव्हे. ते १८७५ च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये डॅनिएल पीटर यांनी साधले आणि पुढे स्विस मालाने इंग्लंडची बाजारपेठ व्यापली. कॅडबरींनी १८९७ मध्ये दुधाची भुकटी घालून आपले चॉकलेट काढले. पण ते कोरडे, खरखरीत निघाले. त्यांनी हार न मानता ताज्या दुधावर प्रयोग चालविले आणि १९०५ मध्ये ‘डेअरी मिल्क’ बाजारात आले. त्यात स्पर्धकांपेक्षा दूध अधिक होते. पुढे १९२८ पासून अर्ध्या पौंडामागे दीड ग्लास दूध असे सांगणारी जाहिरात सुरू झाली आणि ती खूण जगभर ओळखीची झाली.

त्याच्या गोडीचे एक कारण शास्त्रीय आहे. कोकोतील स्निग्धांश सुमारे ३४ अंशांवर वितळतो. आपल्या देहाची उष्णता ३७ अंश. त्यामुळे हातात घट्ट राहणारी वडी जिभेवर ठेवताच विरघळते. पण आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तेव्हा हाच गुण दुकानदाराची परीक्षा पाहतो. एकदा मऊ होऊन पुन्हा थिजलेल्या चॉकलेटवर पांढुरका थर येतो. तो बहुधा बुरशीचा नसून वर आलेल्या स्निग्धांशाचा असतो व अपायकारक नसतो. तरीपण माल नीट ठेवला गेला नाही, याची ती साक्ष असते.

या घराण्याचे केवळ गुणगान करावे, असा आमचा हेतू नाही. पश्चिम आफ्रिकेजवळील साओ टोमे बेटावरून येणारा कोको गुलामीत राबविलेल्या मजुरांच्या कष्टाचा आहे, हे पेढीच्या कानावर १९०१ मध्येच आले होते. चौकशी, अहवाल, वाटाघाटी यांत वर्षे गेली आणि तेथील खरेदी बंद झाली ती १९०९ मध्ये. एका वृत्तपत्राने यावरून टीका केली, तेव्हा कॅडबरींनी अब्रूनुकसानीचा दावा लावला. १९०९ च्या अखेरीस निकाल त्यांच्या बाजूने लागला. पण भरपाई मिळाली एक फार्दिंग, म्हणजे पेनीचा चौथा हिस्सा! दावा जिंकूनही अब्रूची किंमत पै-पैशात झाली. चांगल्या माणसाच्या हातूनही माल कोठून येतो हे पाहण्यात दिरंगाई होते आणि ती दिरंगाई त्यास महाग पडते.

भारतात या कंपनीची स्थापना १९४८ मध्ये मुंबईस झाली. ठाण्यात कारखाना उभा राहिला आणि तेथील चौकास लोक ‘कॅडबरी नाका’ म्हणू लागले. १९९४ मध्ये क्रिकेटच्या मैदानावर आनंदाने नाचत धावणाऱ्या तरुणीची जाहिरात झळकली आणि मुलांचा खाऊ मोठ्यांच्या हातीही आला. आता तर राखी-दिवाळीस पेढ्यांच्या जागी चॉकलेटचा डबा जातो. मिठाईवाल्यांस याचा राग येतो. परंतु दर दिवाळीत बनावट खव्याच्या बातम्या आल्यावर गिऱ्हाइकाने सीलबंद डब्याकडे वळावे, यात नवल ते काय?

आणि तरीही वेष्टन म्हणजे खात्री नव्हे, हे २००३ साली दिसले. त्या वर्षी ऑक्टोबरात, ऐन दिवाळीच्या तोंडावर, मुंबईत काही डेअरी मिल्कमध्ये अळ्या सापडल्या. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने कारवाई केली. दुकानदारांनी माल नीट ठेवला नाही, असे कंपनीने म्हटले. प्रशासनाने वेष्टनाकडे बोट दाखविले. विक्री घसरली. अखेर जानेवारी २००४ मध्ये कंपनीने हवाबंद दुहेरी वेष्टन आणले आणि माल कसा ठेवावा हे दुकानदारांस शिकविण्याचे काम हाती घेतले. वाद सोडून दुरुस्ती केली, म्हणून ते नाव टिकले. पुढे २०१० मध्ये ही इंग्रज कंपनी अमेरिकेच्या क्राफ्टने विकत घेतली आणि २०१२ पासून ती माँडेलीझकडे आहे. घराणे गेले, नाव राहिले.

आता आमचीच एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या घरच्या किरकोळ दुकानात चॉकलेटचे खोके तांदळाच्या पोत्यांलगत ठेवलेले होते. धान्यात जाळी करणाऱ्या पतंगास कोकोही गोड लागतो, हे जन्मभर धान्यात वावरूनही आमच्या ध्यानी आले नाही. संत्र्याच्या बागेत मजुरीस जाणारी एक बाई लेकरास घेऊन आली व तिने उघडलेले चॉकलेट आमच्यापुढे ठेवले. आत अळी होती. आम्ही तत्काळ उत्तरलो, “बाई, हा कंपनीचा दोष, आमचा नव्हे.” तिने वाद घातला नाही. आम्ही पैसे पुढे केले तेव्हा ती एवढेच म्हणाली, “शेटजी, पैसे राहू द्या, पण दुसऱ्याच्या लेकराले असं देऊ नका.”

त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही. ते चॉकलेट तिने आमच्या हातून घेतले होते. कारखाना तिने पाहिलाही नव्हता. तिच्यापुरते कंपनी म्हणजे आम्हीच होतो.

सबब व्यापारी बंधूंस आमची विनंती आहे. खाऊचा माल धान्यापासून वेगळा, थंड आणि बंद कपाटात ठेवावा. आधी आलेला माल आधी विकावा. वेष्टनावरील तारीख आणि हिरवी खूण गिऱ्हाइकाने विचारण्यापूर्वी आपण पाहावी. बिघडलेला माल कोणी परत आणला, तर दोष कोणाचा हा वाद कंपनीशी घालावा, गिऱ्हाइकाशी नव्हे.

सुट्या मालाचा धंदा पाकिटांनी बुडविला, अशी तक्रार आपण दर सभेत ऐकतो. आमचे मत निराळे आहे. गिऱ्हाईक पाकीट घेत नाही, खात्री घेतो. पूर्वी ती खात्री आपल्या शब्दात होती, म्हणून पाकिटाची गरज नव्हती. तो शब्द आपण पुन्हा मिळविला, तर पोत्यातील गहूही कोणत्याही जांभळ्या वेष्टनाइतकाच विश्वासाने घरी नेला जाईल.