मेलबॉक्स बिघडला? ‘रिपेअर’ दाबण्याआधी थांबा

चोपडा तालुक्यातली केळी आखाती देशांकडे निघते तेव्हा कंटेनरबरोबर कागदांचाही एक ताफा निघतो. ऑर्डर, बिल, जहाजाचे बुकिंग, फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र. यातले बरेचसे ईमेलवरच होते. माल उतरल्यावर समोरचा म्हणाला, ‘हा भाव ठरलाच नव्हता’, तर आपल्या हातात तो एक मेल असतो. नेमक्या त्या दिवशी मेलबॉक्स उघडेनासा झाला तर? पतसंस्था असो, महाविद्यालय असो की जिनिंग, प्रश्न सगळ्यांचा सारखाच.

अशा वेळी आपल्याकडे पहिला सल्ला ठरलेला असतो: रिपेअर मारा. माझे मत याच्या अगदी उलट आहे. रिपेअर हा शेवटचा उपाय आहे. तो पहिला केला की जे वाचू शकत होते तेही जाते.

बिघडते नेमके काय?

सर्व्हरवर मेल दोन-तीन पद्धतींनी साठवले जातात. जुन्या एमबॉक्स पद्धतीत सगळी पत्रे एकाच लांबलचक फाइलमध्ये एकाखाली एक असतात. मधेच वीज गेली, डिस्क भरली किंवा दोन प्रोग्रॅमनी एकाच वेळी लिहायला घेतले, की पुढची पत्रे एकमेकांत मिसळू शकतात. मेलडिर पद्धतीत प्रत्येक पत्राची वेगळी फाइल असते. तिथे एक बिघडले तरी बाकीची शाबूत राहतात.

याशिवाय असते इंडेक्स, म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका. पुष्कळदा बिघडलेली असते ती एवढीच. पत्रे जागच्या जागी असतात, सर्व्हरला ती सापडत नाहीत. लिनक्सवर चालणाऱ्या डोव्हकॉट या मेल सर्व्हरमध्ये मेलडिरची इंडेक्स नव्याने बांधता येते. मात्र त्याच डोव्हकॉटच्या डीबॉक्स प्रकारात वाचले-न वाचले अशा खुणा इंडेक्समध्येच असतात. म्हणून ‘इंडेक्स उडवा, आपोआप होईल’ हा सल्ला सगळीकडे चालत नाही. आधी प्रकार कोणता ते पाहावे लागते.

मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज सर्व्हरचे काम आपल्या पेढीसारखे आहे. प्रत्येक व्यवहार आधी लॉग फाइलमध्ये, म्हणजे कीर्दीत, मग डेटाबेसमध्ये, म्हणजे खतावणीत. खतावणी अर्धवट राहिली तर मुनीम काय करतो? कीर्दीवरून पुन्हा चढवतो. एक्स्चेंजमध्येही हेच आधी करायचे असते, त्याला सॉफ्ट रिकव्हरी म्हणतात. याउलट हार्ड रिपेअर खतावणीची न वाचता येणारी पाने फाडून उरलेली शिवून देते. वही उघडते, सगळे खूश होतात. कोणती पाने गेली हे सहा महिन्यांनी ऑडिटला कळते. तरीही ‘जागा होत नाही’ म्हणून लॉग फाइली हाताने उडवणारे महाभाग आहेतच!

मग क्रम कोणता?

सर्व्हरची मेल सेवा थांबवा. ‘मग येणारे मेल बुडतील’ ही भीती बहुतांशी निराधार आहे. पाठवणाऱ्याचा सर्व्हर साधारणपणे काही काळ पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहतो. बिघडलेल्या मेलबॉक्सची जशीच्या तशी प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या आणि पुढचे सगळे प्रयोग त्या प्रतीवरच करा. आधी इंडेक्स, मग लॉग, मग जुना बॅकअप. यातले काहीच जमले नाही तरच रिपेअर. त्यानंतरही वाचलेली पत्रे नव्या मेलबॉक्समध्ये हलवा, दुरुस्त केलेल्या जुन्यावर संसार करू नका.

फोनवर वाचणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट. सर्व्हरवरून मेल गायब झाले आणि तुमच्या मोबाइलमध्ये अजून दिसत असतील तर आधी फोनचे नेट बंद करा. आयमॅप म्हणजे आरसा. सर्व्हरवर जे पुसले जाते ते पुढच्या सिंकला फोनवरूनही पुसले जाते. म्हणूनच ‘मेल फोनमध्ये पण आहेत की’ याला बॅकअप म्हणता येत नाही.

बॅकअपची खरी किंमत 2011 मध्ये जगाने पाहिली. फेब्रुवारीच्या अखेरीस एका सॉफ्टवेअर अपडेटमधल्या चुकीमुळे काही जीमेल वापरकर्त्यांचे इनबॉक्स रिकामे झाले. गुगलच्या म्हणण्यानुसार हे प्रमाण 0.02 टक्के होते. वेगवेगळ्या डेटा सेंटरमधल्या प्रतींनाही त्या चुकीचा फटका बसला होता. मेल परत आले ते टेपवरून, कारण टेप ऑफलाइन होत्या. एवढ्या मोठ्या कंपनीला टेप लागते, आणि आपल्या संस्थांत बॅकअप त्याच कॉम्प्युटरच्या ‘डी’ ड्राइव्हवर असतो.

आता कोर्टाचा मुद्दा. जालना विधानसभा निवडणुकीवरून अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्यात चाललेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 14 जुलै 2020 रोजी स्पष्ट केले की मूळ उपकरणच हजर केले नसेल, तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र लागतेच. तिथे वाद व्हिडिओ चित्रीकरणाचा होता, पण नियम ईमेललाही लागू आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 नुसार या प्रमाणपत्रात हॅश, म्हणजे फाइलचा डिजिटल ठसा, द्यावा लागतो. दुरुस्तीत फाइल बदलली की ठसाही बदलतो. बिघडलेली मूळ प्रत जपली नसेल तर समोरचा वकील विचारणारच, दुरुस्ती करताना आणखी काय काय बदलले?

चोपड्यातल्या बहुतेक संस्थांचा सर्व्हर चोपड्यात नसतोच, भाड्याच्या होस्टिंगवर असतो. तिथे सगळा भार ‘कॉम्प्युटर बघणाऱ्या पोरा’वर टाकणे मला अन्यायाचे वाटते. करारावर सही चेअरमन किंवा प्राचार्य करतात, तर प्रश्नही त्यांनीच विचारायला हवेत. बॅकअप रोज होतो का? किती दिवस मागचा मिळतो? तो वेगळ्या ठिकाणी असतो का? आणि शेवटचा कधी प्रत्यक्ष परत चढवून पाहिला? पहिल्या तिन्ही प्रश्नांना ‘हो साहेब’ मिळते. चौथ्याला तारीख मागा, आणि समोर बसूनच एक जुना मेल परत आणायला सांगा.