महाग पेट्रोल आणि उधळी मोटार : दोष कोणाचा ?

पवित्र शास्त्राच्या पहिल्याच पुस्तकांत मनुष्यस्वभावाचें एक मार्मिक चित्र आहे. मना केलेलें फळ खाल्ल्याबद्दल एदेन बागेंत देवानें जाब विचारला, तेव्हां आदामानें हव्वेकडे बोट दाखविलें आणि हव्वेनें सर्पाकडे. अपराध घडला होता हें उघड होतें. पण तो आपला असें सरळपणें म्हणणारा कोणी निघाला नाहीं. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत पेट्रोल महाग झालें कीं हाच प्रकार गेलीं पन्नासांहून अधिक वर्षें चालू आहे. मोटारवाला तेलाच्या कंपन्यांस दोष देतो, कंपन्या तेल काढणाऱ्या परक्या देशांकडे बोट दाखवितात, आणि विरोधी पक्ष सारें खापर राष्ट्राध्यक्षांच्या डोक्यावर फोडतो. कारखानदार म्हणतो कीं गिऱ्हाइकासच मोठी गाडी हवी. गिऱ्हाईक म्हणतें कीं बाजारांत दुसरें मिळतें काय?

ह्या वादाचा निवाडा करावयाचा तर आधीं एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. येथें प्रश्न एक नसून दोन आहेत. एका गॅलनास, म्हणजे सुमारें ३.८ लिटरांस, किती पैसे पडतात हा एक; आणि त्या गॅलनांत मोटार किती मैल चालते हा दुसरा. कुटुंबाच्या खर्चाचा बोजा ह्या दोहोंवर अवलंबून असतो. पहिल्याची दोरी बरीचशी परक्यांच्या हातीं आहे. दुसऱ्याची जवळजवळ सर्वस्वीं घरच्यांच्याच हातीं आहे. ओरड मात्र बहुतेक पहिल्याविषयींच ऐकूं येते.

प्रथम किंमतीचा विचार करूं. अमेरिकेचें खनिज तेलाचें उत्पादन १९७० सालीं त्या वेळच्या उच्चांकास पोंचलें व नंतर उतरूं लागलें. मागणी मात्र वाढतच होती. ऑक्टोबर १९७३ मध्यें अरब-इस्रायल युद्ध पेटलें असतां अरब तेल-उत्पादक देशांनीं अमेरिकेस तेल देणें बंद केलें. पिंपामागें सुमारें ३ डॉलर असलेला भाव १९७४ च्या आरंभीं सुमारें १२ डॉलरांवर गेला. येथें उत्पादक देशांचा हात स्पष्ट दिसतो, आणि तो नाकारण्यांत अर्थ नाहीं. परंतु पेट्रोलच्या पंपांपुढें मोटारींच्या ज्या लांबच लांब रांगा लागल्या, त्यांचें कारण केवळ अरबस्तानांत नव्हतें. १९७१ पासून अमेरिकन सरकारनें भावांवर नियंत्रण बसविलें होतें, आणि पुढें कोणत्या भागास किती माल द्यावयाचा हेंही हुकुमानें ठरूं लागलें. भाव दाबून धरल्यानें वापर आटला नाहीं, आणि जेथें गरज तेथें माल पोंचला नाहीं. तेलावरील हीं नियंत्रणें पूर्णपणें उठावयास १९८१ चा जानेवारी उजाडला.

तेव्हांपासून कच्च्या तेलाचा भाव जगाच्या बाजारांत ठरतो. एप्रिल २०२० मध्यें रोगाच्या साथीमुळें वाहतूक थांबली, तेव्हां अमेरिकेंतील तेलाच्या वायद्याचा भाव एके दिवशीं शून्याच्याही खालीं उतरला. रशियानें युक्रेनवर स्वारी केल्यानंतर, जून २०२२ मध्यें, तेथील पेट्रोलचा सरासरी भाव गॅलनास ५ डॉलरांच्या वर चढला. दोन-सवादोन वर्षांच्या अवधींत कंपन्यांचा लोभ नाहींसा झाला आणि पुन्हां उगवला, असें मानणें कठीण आहे. लोभ नेहमींच असतो. भाव हलतो तो मागणी, पुरवठा, युद्ध आणि साथ यांच्या योगानें. २०१८ पासून अमेरिका हा जगांत सर्वांत अधिक तेल काढणारा देश झाला होता. तरीही २०२२ ची भाववाढ त्यास चुकवितां आली नाहीं. टंचाईच्या काळांत कंपन्यांनीं भरमसाट नफा मिळविला हें खरें, आणि त्यांस त्याचा जाब विचारणें रास्तच आहे. पण नफा मिळविणारा आणि भाव चढविणारा हे दोघे नेहमीं एकच असतात असें नाहीं.

मोटारीची गोष्ट निराळी आहे. १९७४ सालच्या नव्या अमेरिकन मोटारी गॅलनास सरासरीनें १४ मैलांच्या आसपासच चालत. डिसेंबर १९७५ मध्यें राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनीं एका कायद्यावर सही केली. त्या कायद्यान्वयें प्रत्येक कारखानदाराच्या नव्या मोटारींची सरासरी १९७८ सालीं १८ मैल व १९८५ सालीं २७.५ मैल असावी असें ठरलें. दहा-बारा वर्षांत नव्या मोटारींची सरासरी जवळजवळ दुप्पट झाली. कायदा व विद्या एकत्र आल्या म्हणजे काय घडूं शकतें, याचें हें उत्तम उदाहरण होय.

पण त्याच व्यवस्थेंत एक खिंडार राहून गेलें. शेतकरी, सुतार, गवंडी यांच्या कामाच्या हलक्या मालमोटारींस सौम्य नियम असावेत, हें त्या वेळीं न्याय्य वाटलें. पुढें कारखानदारांनीं मालमोटारीच्याच सांगाड्यावर चार दरवाजे व मऊ गाद्या चढवून कुटुंबाची गाडी तयार केली. आंत मुलेंबाळें बसलीं, तरी कायद्याच्या दृष्टीनें ती मालमोटारच राहिली. हीच ती एस्. यू. व्ही. होय. १९९६ पासून २००४ पर्यंत साध्या मोटारीस २७.५ मैलांचा नियम होता. हिला अवघा २०.७ मैलांचा. अति उधळ्या मोटारींवर १९७८ च्या कायद्यानें जो खास कर बसविला, त्यांतूनही ती सुटली. इतकेंच नव्हे, तर नियम कडक करण्याच्या कामीं सरकारी पैसा खर्च करण्याचीच काँग्रेसनें १९९५ च्या सुमारास मनाई केली, आणि ती कांहीं वर्षें टिकली.

परिणाम काय झाला ? मोटारी व हलक्या मालमोटारी एकत्र धरल्यास नव्या गाडीची सरासरी १९८७ सालीं सुमारें २२ मैल होती. २००४ सालीं ती १९ मैलांच्या आसपास आली. मग यंत्रविद्या मागें गेली काय ? मुळींच नाहीं. इंजिनें सारखीं सुधारत होतीं. पण ती सुधारणा काटकसरीकडे न लागतां वजन व वेग यांच्या कामीं आली. ह्याच काळांत नव्या गाडीची सरासरी अश्वशक्ति सुमारें पाऊणपटीनें वाढली. जड गाडी प्रत्येक थांब्यानंतर गतीस आणावयास अधिक शक्ति लागते, आणि ब्रेक लावतांच ती शक्ति उष्णता होऊन वायां जाते, हें पदार्थविज्ञानाच्या वर्गांत शिकलेल्या विद्यार्थ्यांस सांगावयास नको. डिसेंबर २००७ मध्यें नवा कायदा होऊन नियम पुन्हां कडक झाले. पण २०२५ सालीं ते नियम मोडल्याबद्दलचा दंडच शून्यावर आणण्यांत आला.

विद्यार्थिमित्रांनीं येथें एक लहानसें उदाहरण सोडवून पाहावें. एक मोटार वर्षास १२,००० मैल चालते. ती गॅलनास १२ मैल देत असेल तर तिला १,००० गॅलन लागतील. १५ मैल देत असेल तर ८००. वांचले २०० गॅलन. आतां ३० मैल देणारी मोटार सोडून ४० मैल देणारी घेतली, तर ४०० गॅलनांच्या ठिकाणीं ३०० लागतील, वांचले १००. सारांश, सर्वांत उधळ्या गाडींत केलेली थोडी सुधारणाही चांगल्या गाडीच्या मोठ्या सुधारणेहून अधिक तेल वांचविते. आणि कायद्यानें सूट दिली ती नेमकी त्या उधळ्या गाडीसच !

येथवर कारखानदार व कायदेमंडळ यांजवर दोष येतो. पण कायदेमंडळ निवडतें कोण ? पेट्रोलचा वापर ठराविक मर्यादेबाहेर गेल्यास गॅलनमागें दरसाल ५ सेंटांनीं वाढणारा कर असावा, असें राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनीं १९७७ सालीं सुचविलें. काँग्रेसनें तें मान्य केलें नाहीं. १९८० च्या निवडणुकींत जॉन अँडरसन यांनीं गॅलनास ५० सेंट कर बसवून त्या उत्पन्नांतून सामाजिक सुरक्षेचा कर निम्मा करावा, असें उघडपणें सांगितलें. त्यांस शेंकडा सातांहूनही कमी मतें पडलीं. त्यांच्या पराभवाचीं कारणें अनेक होतीं. तरी ह्या सूचनेमुळें त्यांजकडे मतें धांवून आलीं, असें कोणी म्हणणार नाहीं. मध्यवर्ती सरकारचा पेट्रोलवरील कर १९९३ सालीं १८.४ सेंट झाला, आणि तीस वर्षें उलटून गेलीं तरी तितकाच राहिला. लोकांस स्वस्त पेट्रोल हवें, मोठी गाडी हवी, आणि परक्यांचें मिंधेपणही नको ! पण हीं तिन्ही एकत्र नांदत नाहींत.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. अमेरिकेंतील अनेक गांवें व उपनगरें अशा रीतीनें वसलीं आहेत कीं तेथें मोटारीवांचून पोट भरणें कठीण. इस्पितळांत रात्रपाळी करणारी परिचारिका किंवा तीस मैलांवरच्या गोदामांत जाणारा मजूर यांच्या वाटेवर बस नाहीं आणि आगगाडीही नाहीं. त्यांस "तुम्हीं काटकसरीची मोटार कां घेतली नाहीं ?" असें विचारणें निर्दयपणाचें होईल. कारण असा मनुष्य नवी मोटार घेतच नाहीं. दुसऱ्यानें वापरून टाकलेली घेतो. त्या देशांतील गाड्यांचें सरासरी वय आतां बारा वर्षांहून अधिक आहे. म्हणजे सुखवस्तु मनुष्य आज जी गाडी हौसेनें विकत घेतो, तीच दहा वर्षांनीं गरिबाच्या दाराशीं येऊन उभी राहते. हौस एकाची, आणि तिच्या पेट्रोलचा खर्च दुसऱ्याच्या मुलांच्या दुधातुपांतून ! आमच्या मतें ह्या सबंध प्रकरणांतील खरा अन्याय हाच आहे, आणि त्याविषयींच सर्वांत कमी बोललें जातें.

कोणी म्हणेल कीं हें दूरदेशचें पुराण आपणांस कशाला ? परंतु भारतास लागणाऱ्या कच्च्या तेलापैकीं चार-पंचमांशांहून अधिक तेल परदेशांतून येतें. आणि आपल्याकडेही आतां नव्या प्रवासी मोटारींपैकीं निम्म्याहून अधिक ह्याच उंच व जड जातीच्या खपतात. २००६ सालीं आपल्या सरकारनें चार मीटरांच्या आंतील लहान इंजिनाच्या मोटारींस करांत सवलत दिली, तेव्हां कारखानदारांनीं अनेक मोटारी चार मीटरांच्या आंत बसविल्या. कायदा जेथें रेघ ओढतो, तेथें कारखाना येऊन उभा राहतो, हें दोन्ही देशांत सारखेंच खरें आहे. म्हणून रेघ कोठें ओढावी, याचा विचार नागरिकांनीं आधींच केला पाहिजे.

मग निवाडा काय ? ज्याच्या हातीं जितकी निवड, तितका त्याच्या माथीं दोष, हाच न्याय आम्हांस योग्य वाटतो. भाव अकस्मात् चढविण्याचा दोष युद्ध करणाऱ्यांचा व तेल अडवून धरणाऱ्यांचा. खिंडार ठेवण्याचा दोष कायदेमंडळाचा, आणि त्यांतून वाट काढण्याचा कारखानदारांचा. गरज नसतां जड गाडी घेणाऱ्या सधन गिऱ्हाइकाचाही वांटा लहान नाहीं. कारण तो एकदां दुकानांत आणि एकदां मतपेटीपाशीं, असा दोनदां आपला कौल देतो. आणि ज्याच्या हातीं निवडच नाहीं, त्या गरिबाच्या माथीं दोष जवळजवळ नाहींच. त्याच्या वांट्यास केवळ शिक्षा येते.

आमच्या पालकवर्गापैकीं कोणाच्या घरीं नवी गाडी घेण्याचा बेत चालला असेल, तर मुलांनीं रंग व डौल पाहण्याआधीं दोन प्रश्न अवश्य विचारावेत : ही लिटरमागें किती किलोमीटर चालते ? आणि आपली हौस फिटल्यावर हिचा खर्च पुढें कोण सोसणार ?