हिमालयाच्या पोटातील गोठलेली जमीन

हिमालयातील संकटांची चर्चा बहुधा वितळत्या हिमनद्या आणि फुगत चाललेल्या सरोवरांपाशीच थांबते. डोंगराच्या पोटातील गोठलेली जमीन त्या चर्चेत क्वचितच येते. ३ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री सिक्कीममध्ये या दुर्लक्षाची किंमत दिसून आली. साउथ ल्होनाक सरोवराच्या काठावरील गोठलेला हिमोढ, म्हणजे हिमनदीने रचलेला दगडमातीचा ढिगारा, पाण्यात कोसळला. शास्त्रज्ञांच्या मोजणीनुसार तो सुमारे १ कोटी ४७ लाख घनमीटर होता. उसळलेल्या लाटेने सरोवराचा बांध फोडला आणि चुंगथांग येथील १२०० मेगावॉटच्या तिस्ता-३ प्रकल्पाचे धरण वाहून गेले.

सलग दोन वर्षे वा अधिक काळ शून्य अंश वा त्याखाली राहणाऱ्या जमिनीला 'पर्माफ्रॉस्ट' म्हणतात. तिच्यातील बर्फ दगडमातीला सिमेंटसारखे बांधून ठेवतो. तापमान वाढले की ही पकड सैल होते. अडचण अशी की, ही जमीन उपग्रहाला थेट दिसत नाही.

येथे 'रॉक ग्लेशियर' उपयोगी पडतात. दगडगोटे आणि बर्फ यांचे हे मिश्रण वर्षाला काही सेंटिमीटर ते काही मीटर या गतीने उतारावरून सरकते. लाव्हा ओघळून थिजावा तसा त्याचा आकार उपग्रहचित्रांत ओळखता येतो. सरकता रॉक ग्लेशियर ही पर्माफ्रॉस्टची खूणच होय. काठमांडूतील 'इसिमोड' संस्थेच्या शास्त्रज्ञांनी गूगल अर्थवरील चित्रांतून त्यांची नोंद केली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार, हिंदुकुश-हिमालयात त्यांची खालची टोके ठिकाणानुसार ३५०० ते ५५०० मीटर उंचीवर आढळतात. साहजिकच, संपूर्ण हिमालयाला उंचीची एकच रेषा लावून चालणार नाही.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. थंडावलेला, न सरकणारा रॉक ग्लेशियर केवळ भूतकाळातील थंडीची साक्ष देतो. आणि तो नसला म्हणून पर्माफ्रॉस्ट नाही, असेही ठरत नाही. त्यामुळे रडारद्वारे गतीची मोजणी आणि प्रत्यक्ष जमिनीचे तापमान यांची जोड अपरिहार्य ठरते.

तरीही असा नकाशा म्हणजे धोक्याची स्वस्त आणि पहिली सूचना आहे. धरण, बोगदा वा रस्ता आखण्यापूर्वी ती वाचायची की दुर्घटनेनंतर, हा प्रश्न आता शास्त्रज्ञांपुढे नव्हे, तर धोरणकर्त्यांपुढे आहे.