दाबोळी–मोपा विमानतळांदरम्यानच्या प्रवासाबाबत मागणीपत्र

प्रति,
मा. मुख्यमंत्री, गोवा राज्य
मा. केंद्रीय नागरी हवाई वाहतूक मंत्री, भारत सरकार

मोपाच्या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून 5 जानेवारी 2023 रोजी प्रवासी उड्डाणे सुरू झाली. तेव्हापासून गोव्याला दोन विमानतळ आहेत: दाबोळीचा मुरगाव तालुक्यात, मोपाचा उत्तर टोकाला पेडण्यात. दोहोंमधले अंतर सरळ रेषेत 40 किलोमीटर, रस्त्याने सुमारे 60. मध्यरात्री दीड तास पुरतो. संध्याकाळी पर्वरीत वाहने तुंबली की दोन तासही अपुरे पडतात. या अंतराची जबाबदारी आजवर एकट्या प्रवाशावर टाकलेली आहे. आमच्या प्रवासी संघटनेला ही व्यवस्था मान्य नाही.

सर्वांत आधी तिकीट. दोन्ही विमानतळांचे कोड जीओआय आणि जीओएक्स. फरक शेवटच्या अक्षराचा. शहराच्या जागी दोन्हीकडे 'गोवा'. मग दाबोळीच्या दारावरचा सुरक्षा जवान तिकीट पाहून सांगतो, ''तुमचं विमान मोपाहून आहे.'' देशांतर्गत उड्डाणाचा चेक-इन काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो. तोवर मोपा गाठणे अशक्य. म्हणून तिकीट, बोर्डिंग पास आणि एसएमएसवर 'गोवा–दाबोळी' किंवा 'गोवा–मोपा' हे ठळक छापणे बंधनकारक करावे. यासाठी खर्च जवळपास नाही. तिकीट विकल्यानंतर कंपनीने विमानतळ बदलल्यास, उड्डाण रद्द झाल्यावर मिळतात तेच हक्क प्रवाशाला मिळावेत.

एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून पुढे जाण्याचे तिकीट एकत्र विकताना मध्ये किमान पाच तासांचे अंतर सक्तीचे असावे. जहाजावर रुजू होणाऱ्या तारवट्याचे किंवा आखातात कामावर परतणाऱ्याचे विमान चुकले, तर नुकसान केवळ तिकिटाचे नसते.

दोन्ही विमानतळांना जोडणारी थेट बस दर तासाला, रात्रीही धावावी. थांबे पणजी आणि म्हापसा एवढेच. सामानासाठी बसच्या पोटात जागा हवी. दोन बॅगा आणि लहान मूल घेऊन पणजीच्या स्थानकावर बस बदलणे प्रवाशावर लादू नये. झुआरीचा नवा पूल, मांडवीवरचा अटल सेतू, धारगळहून मोपाला जाणारा जोडरस्ता ही खर्चाची कामे झालेली आहेत. बस सुरू करणे त्यापुढे लहान काम आहे.

टॅक्सीचे या मार्गाचे एकच भाडे, रात्रीच्या आकारासह, अधिसूचित करून दोन्हीकडे बाहेर पडण्याच्या दारांवर लावावे. दर ठरवताना टॅक्सीचालकांनाही बोलवावे. परतीच्या रिकाम्या फेरीचा त्यांचा मुद्दा रास्त आहे.

तिकीट आणि भाड्याबाबतचे आदेश 30 दिवसांत निघावेत, बस 90 दिवसांत सुरू व्हावी. प्रत्येक मागणीवर लेखी उत्तर मिळावे. नकार असल्यास कारणासह. चर्चेसाठी आमचे प्रतिनिधी पणजीत किंवा दिल्लीत येण्यास तयार आहेत.

कार्यकारिणीच्या वतीने,
अध्यक्ष व सचिव, प्रवासी संघटना