सेवा तिची, वेदी त्याची?

चर्चमध्ये स्त्रीने फुले मांडावीत, रविवारच्या शाळेत मुलांना शिकवावे, आजाऱ्यांच्या घरी जावे, याबद्दल कोणाचीच तक्रार नसते. तिने उपदेश करावा, प्रभुभोजनाची भाकर हाती घ्यावी, असे म्हणताच मात्र शास्त्रार्थ सुरू होतो.

पौलाने स्त्रियांना मंडळीत गप्प राहावयास सांगितले, हा पहिला आक्षेप. सांगितले खरे; पण करिंथकरांच्या त्याच पत्रात स्त्रीने प्रार्थना करताना व संदेश देताना मस्तक झाकावे असेही तो लिहितो. गप्प बसलेली बाई संदेश देणार कसा? बारा प्रेषित पुरुष होते, हा दुसरा आक्षेप. ते सारे यहुदीही होते. मग यहुदी नसलेल्या पुरुषाला पाळकपद कसे चालते? आणि योहानाच्या शुभवर्तमानात प्रभू उठल्याची वार्ता शिष्यांकडे प्रथम नेली ती कोणी? मरीया मग्दालीयेने.

आपल्या महाराष्ट्राकडेच पाहा. इंग्लंडात चेल्टनहॅमच्या कॉलेजात पंडिता रमाबाई पुरुषांना शिकविणार असे निघताच लाहोरच्या व मुंबईच्या बिशपांनी हरकत घेतली. हिंदुस्थानात भरसभेत पुरुषांपुढे बोललेल्या विदुषीला ही बंदी! पुढे याच बाईने हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणले. १९२२ साली त्या वारल्या. १९२४ साली ग्रंथ बाहेर पडला, तो केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यातून, तिथल्या स्त्रियांच्या हातून. शास्त्र मुळातून वाचून मराठीत आणणारी बाई त्यावर उपदेश करण्यास तेवढी अपात्र, हा न्याय कुठला?

काळ थांबलेला नाही. दक्षिण भारतातील चर्चने २०१३ साली पुष्पा ललिता यांना नंद्यालच्या बिशपपदी बसविले. रोमन कॅथलिक चर्चने मात्र १९९४ साली पोपच्या पत्राने स्त्रियांना धर्मगुरुपदाचे दार बंदच असल्याचे पुन्हा बजावले. जिथे नियमाने दार उघडले, तिथेही बाई पाळक म्हटली की कपाळाला आठ्या पडतात. त्या आठ्या शास्त्राच्या नव्हेत, सवयीच्या आहेत.

वाचक म्हणतील, हे ख्रिस्ती मंडळींचे घरचे भांडण; दिवाळीच्या अंकात कशाला? पण राबावे तिने आणि ठरवावे त्याने, ही वाटणी आज फराळाच्या ताटापुढे बसलेल्या कोणत्या घराला अनोळखी आहे? सेवेला देव स्त्री-पुरुष भेद करीत नाही असे आपण मोठ्या तोंडाने म्हणतो. मग अधिकाराची वेळ आली की तो भेद करतो, हे त्याने कोणाच्या कानात सांगितले?